रोहिणखेडची मशीद : वेड आणि पाखंड

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत रोहिणखेड नांवाचें एक गांव आहे. बऱ्हाणपुराहून दक्षिणेस जाणारी जुनी वाट या बाजूला बालाघाटाच्या पायथ्याशीं येते आणि पुढें घाट चढूं लागते. वाटेच्या तोंडाशीं असल्यामुळें या लहानशा गांवाचें नांव दोनदां मोठ्या इतिहासांत आलें. १४३७ सालीं बहामनी सरदार खलफ हसन बसरी यानें खानदेशच्या नासिरखान फारुकीचा येथें पराभव केला. आणि १५९१ सालीं याच रानांत अहमदनगरच्या गादीचा निकाल लागला. या दोन लढायांची आज तेथें कांहीं खूण नाहीं. खूण आहे ती एका मशिदीची. १५८२ सालीं खुदावंतखान नांवाच्या सरदारानें ती बांधली. इतिहासांत त्याच्या नांवापुढें एक विशेषण लागतें, तें म्हणजे ‘महदवी’.

या भागांत शिक्षक असतांना मीं मुलांच्या सहली या मशिदीपर्यंत नेल्या आहेत. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, महदवी म्हणजे काय?” मीं म्हटलें, “एक पंथ. त्या काळीं त्याला पाखंडी म्हणत.” त्यानें पुन्हां विचारलें, “मग पाखंडी माणसाला मशीद कोणीं बांधूं दिली?” त्याचें उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं. पुढें शोधलें, तेव्हां असें आढळलें कीं मशीद बांधली गेली त्या काळीं अहमदनगरच्या तख्तावर जो सुलतान होता, त्याला लोक ‘दिवाणा’, म्हणजे वेडा, म्हणत. एका बाजूला पाखंडी सरदार, दुसऱ्या बाजूला वेडा राजा! वेड आणि पाखंड या दोन शब्दांनीं माणसाचें काय काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम महदवींची हकीकत. जौनपूरचे सय्यद महंमद हे या पंथाचे प्रवर्तक. यांचा जन्म १४४३ सालचा व मृत्यु १५०५ सालचा, अफगाणिस्तानांतील फराह येथला. युगाच्या अखेरीस जो मार्गदर्शक महदी यावयाचा, तो आपणच, असें त्यांनीं जाहीर केलें. प्रथम मक्केंत, नंतर अहमदाबादेंत आणि शेवटीं १४९९ च्या सुमारास पाटणजवळच्या बडली गांवीं. संपत्तीचा त्याग, समाईक भोजन, अखंड नामस्मरण अशी त्यांची शिकवण होती आणि गुजराथेंत व दक्षिणेंत तिला पुष्कळ अनुयायी मिळाले. दरबारी धर्मशास्त्री मात्र संतापले.

आतां एक गोष्ट लक्षांत घ्यावी. सय्यद महंमदांच्या चरित्रांत कित्येक वर्षें भावसमाधींत गेल्याची कथा आहे. त्या काळांत त्यांना अन्नपाण्याची शुद्ध नव्हती असें सांगतात. अशा पुरुषाला सूफी लोक ‘मजजूब’ म्हणत, म्हणजे ईश्वराच्या ओढीनें भान हरपलेला. इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणें झोपलेला, अजाण बालक आणि वेडा या तिघांच्या कर्माचा जाब विचारला जात नाहीं. मजजूब पुरुषाच्या तोंडून धर्मबाह्य शब्द निघाले तरी शास्त्री पुष्कळदां कानाडोळा करीत. ‘मी भानावर नव्हतों’ एवढें एक वाक्य बोललें असतें तर वादाची धार बोथट झाली असती. पण महदवी परंपरा नेमकें उलट सांगते. दावा केला तेव्हां गुरु पूर्ण शुद्धीवर होते, याविषयीं अनुयायांचा मोठा आग्रह आहे. आणि तो योग्यहि आहे. वेडाची सबब माणसाचा देह वाचवते, परंतु त्याच्या शब्दाचा अर्थ काढून घेते. आपल्या म्हणण्यावर ज्याची श्रद्धा आहे, त्यानें ती सबब कशी स्वीकारावी?

ही निवड किती महाग पडते तें शेख अलाईच्या हकीकतींत दिसतें. बयान्याचा हा तरुण विद्वान महदवी झाला. दिल्लीच्या इस्लामशहा सूरासमोर त्याची चौकशी झाली. धर्माधिकारी मखदूम-उल्-मुल्क त्याच्या जिवावर उठला होता. सुलतानाला मात्र या तरुणाविषयीं ममता वाटत होती. त्यानें त्याला नर्मदातीरीं हंडियाला हद्दपार केलें, तर तेथला सुभेदारच त्याचा भक्त झाला! अखेर अलाईला परत बोलावण्यांत आलें. बदायूनी हा इतिहासकार लिहितो कीं सुलतान त्याला म्हणाला, नुसतें माझ्या कानांत हळूच सांग कीं हा पंथ सोडला, म्हणजे तूं मोकळा आहेस. अलाईनें तेवढेंहि केलें नाहीं. साथीच्या रोगानें आधींच खंगलेलें तें शरीर चाबकाच्या तिसऱ्या फटक्याला निष्प्राण झालें. ही गोष्ट १५५० सालची.

आतां अहमदनगरच्या दिवाण्याकडे वळूं. मुर्तझा निजामशहा १५६५ त गादीवर बसला. १५७४ सालीं त्यानें वऱ्हाड जिंकलें आणि रोहिणखेड निजामशाहींत आलें. या विजयाचा खरा कर्ता त्याचा मंत्री चंगीझखान. पण थोड्याच काळांत कोणीं तरी कान भरले आणि मुर्तझानें त्याच स्वामिनिष्ठ मंत्र्याला विष देवविलें. मागाहून तो निर्दोष असल्याचें कळलें. त्या दिवसापासून सुलतानाचें चित्त राज्यावरून उडालें. तो महालांत कोंडून घेऊन बसूं लागला. महिनेच्या महिने कोणाला दर्शन देईना. कारभार मंत्री पाहत. संशय मात्र वाढत गेला. इतका कीं एके रात्रीं त्यानें आपल्या मुलाच्या, मिरान हुसेनच्या, अंथरुणाला आग लावविली. मुलगा वांचला. पुढें १५८८ सालीं त्याच मुलानें बापाला हमामखान्यांत कोंडून, उष्णतेनें घुसमटवून ठार केलें. फिरिश्ता हा प्रसिद्ध इतिहासकार त्या वेळीं अहमदनगरच्या नोकरींत होता. ही हकीकत जवळून पाहिलेल्या माणसाची आहे.

पश्चात्तापानें मन मोडलेल्या या माणसाला वैद्याची गरज होती. पण तो राजा असल्यामुळें त्याचें वेड हें कोणाला दुखणें वाटलें नाहीं. तें राज्यावरचें संकट झालें, दरबाऱ्यांना संधि झाली, आणि शेवटीं त्यावर खून हाच उपाय ठरला. वेड्याच्या कर्माचा जाब नाहीं हा शास्त्राचा नियम ग्रंथांत राहिला.

पुढचा भाग झपाट्यानें घडला. बापाला मारणारा मिरान हुसेन दहा महिन्यांत मारला गेला. १५८९ सालीं जमालखान नांवाच्या महदवी सरदारानें राजधानी ताब्यांत घेतली, बालवयीन इस्माईलला गादीवर बसविलें आणि महदवी पंथ हाच राज्याचा धर्म केला. काल ज्यांना पाखंडी म्हणत, तेच आतां सत्ताधीश झाले. आणि त्यांच्या उठावांत परदेशीय म्हणजे इराणी वगैरे लोकांची राजधानींत निर्घृण कत्तल झाली. छळ सोसलेल्या पंथाला सत्ता मिळाली म्हणजे तो आपोआप क्षमाशील होतो असें नाहीं, हा धडा इतिहास पुन्हां पुन्हां देतो. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयाला होता. खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन तो मुलाविरुद्ध निघाला. १५९१ च्या उन्हाळ्यांत रोहिणखेडच्या रानांत गांठ पडली. जमालखान गोळी लागून पडला. पोरका राजा कैद झाला. बुऱ्हाण गादीवर बसला. लगेच शिया पंथ पुन्हां राजधर्म झाला आणि महदवींवर मरणाची पाळी आली. खुदावंतखानाची मशीद बांधून त्या वेळीं अवघीं नऊ वर्षें झालीं होतीं.

श्रोतेहो, ही केवळ मुसलमानी राज्यांतली गोष्ट आहे असें समजूं नये. याच वऱ्हाडांत, त्याच्या सुमारें तीनशें वर्षें आधीं, यादवांच्या काळीं, आणखी एक जोडी होऊन गेली. गुरु गोविंदप्रभु, ज्यांना गुंडम राऊळ म्हणतात, ते अमरावतीकडील ऋद्धिपूरचे. आणि त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. चक्रधरांचा संचार आपल्या जिल्ह्यांतील मेहकर व लोणार येथेंहि झाला होता. गोविंदप्रभूंच्या लीळा वाचतांना आश्चर्य वाटतें. हा पुरुष देवळांत जाऊन मूर्तींशीं हवें तसें वागे, वाटेल त्याच्या घरीं जेवे, महारवाड्यांत जाऊन तसाच ब्राह्मणांच्या घरांत शिरे. त्या काळीं दुसऱ्या कोणीं असें केलें असतें तर गांवानें त्याला जिवंत ठेवलें नसतें. पण गांवानें एक शब्द शोधून ठेवला होता: “राऊळ वेडे.” या शब्दाच्या आडोशाखालीं ते दीर्घायुष्य जगले. चक्रधर मात्र वेडे नव्हते. ते शांतपणें, शुद्ध मराठींत, तर्कानें बोलत. स्त्रियांना व शूद्रांना संन्यासमार्ग खुला करीत. म्हणून महानुभाव परंपरेप्रमाणें पैठणला सभा भरली, हेमाद्रीसारखे अधिकारी विरुद्ध गेले, आणि त्यांना देहदंड सोसावा लागला. गुरु-शिष्यांची शिकवण एकच. गुरूला वेडाचें संरक्षण मिळालें; शिष्याला शहाणपणाची शिक्षा झाली!

आपल्या स्मृतिकारांना हा भेद ठाऊक होता. मनूनें वेडा, बालक, वृद्ध, रोगी यांना जबर दंड करूं नये, सौम्य ताडन करावें, असें सांगितलें आहे. दंड पुरता सुटला नाहीं, पण हात आवरला. आणि आपल्या लोकांच्या मनांतहि वेडा व साधु यांच्यामधली रेघ कधींच पक्की नव्हती. शेगांवीं १८७८ सालीं गजानन महाराज प्रकट झाले, तेव्हां उष्ट्या पत्रावळींतलीं शितें वेंचणाऱ्या त्या पुरुषाला पाहून हा पिसा कीं सिद्ध, असा प्रश्न लोकांना पडलाच होता. प्रश्न पडला म्हणून लोक थांबले, पाहूं लागले. हें थांबणें फार मोलाचें आहे.

पश्चिमेकडे काय झालें? इंग्लंडांत १६७५ सालीं जॉन टेलर नांवाच्या माणसानें ख्रिस्ताविषयीं अत्यंत हीन शब्द काढले. उमरावांच्या सभेनें त्याला प्रथम बेडलमच्या वेड्यांच्या इस्पितळांत धाडलें. तेथून कळविण्यांत आलें कीं हा वेडा नाहीं. मग खटला चालला आणि १६७६ त शिक्षा झाली. त्या निकालांत सर मॅथ्यू हेल यांनीं ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचा भाग आहे असें म्हटलें व तें तत्त्व पुढें दोन शतकें टिकलें. निदान तेथें आधीं वैद्यकी विचारणा तरी झाली. १८५७ सालीं तेवढेंहि झालें नाहीं. कॉर्नवॉलमधला टॉमस पूली हा विहिरी खणणारा गरीब मजूर. पृथ्वी हा जिवंत प्राणी आहे, खोल खणलें तर तिच्या कातडीला इजा होईल, अशी त्याची समजूत होती. त्यानें एका धर्मगुरूच्या फाटकावर निंदेचे शब्द लिहिले. न्यायमूर्ति कोलरिज यांनीं त्याला एकवीस महिन्यांची शिक्षा दिली. सरकारपक्षाचे वकील त्यांचेच चिरंजीव होते. तुरुंगांत पूलीचें वेड उघड झालें, त्याला वेड्यांच्या इस्पितळांत हलविलें आणि त्याच वर्षअखेरीस माफी मिळाली. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत या खटल्याचा निषेध नोंदविला आहे.

लगेच पुढच्या वर्षीं, १८६० सालीं, हिंदुस्थानचें दंडविधान तयार झालें. त्याच्या ८४ व्या कलमांत असें ठरलें कीं कृत्य करतेवेळीं बुद्धिभ्रंशामुळें आपण काय करतों आहों, किंवा तें चूक अगर बेकायदेशीर आहे, हें ज्याला कळत नव्हतें, त्याचें कृत्य गुन्हा होत नाहीं. याचें मूळ १८४३ च्या मॅक्नॉटन प्रकरणांतील इंग्रजी नियमांत आहे. धर्मविषयक गुन्ह्यांचें प्रकरणहि त्याच ग्रंथांत आलें. तें कोणत्याहि एका धर्माच्या बाजूनें नसून सर्वांना सारखें होतें. १९२७ सालीं लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर २९५ ‘अ’ हें कलम वाढविलें गेलें. त्यांत हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीनें धर्मभावना दुखविणें एवढेंच गुन्ह्याचें क्षेत्र ठरलें. आणि १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रामजीलाल मोदी प्रकरणीं याच शब्दांच्या आधारें तें कलम वैध ठरविलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. तिच्यांत बुद्धिभ्रंशाचें कलम २२ वें व हें कलम २९९ वें आहे. शब्द जवळजवळ तेच आहेत. शेजारच्या पाकिस्तानांत १९८६ सालीं जोडलेल्या २९५ ‘क’ या कलमांत मात्र हेतूचा शब्दच नाहीं. हेतु हा शब्द कायद्यांत आहे कीं नाहीं, यावर भ्रमिष्टाचें जीवित अवलंबून असतें.

तथापि कायद्याच्या शब्दानें काम संपत नाहीं. डॉक्टर ज्याला वेड म्हणतो तें सारें न्यायालयाला पुरत नाहीं. त्या क्षणीं समज नव्हती हें दाखवावें लागतें, आणि दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा भार हलका आहे, शंकेला जागा उरली तरी आरोपीला फायदा मिळूं शकतो, असें स्पष्ट केलें. पण शंका उत्पन्न करायला साक्षीदार लागतात. ते कोण? शेजारी, नातेवाईक, आणि मास्तर.

येथें मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वीं मी ज्या गांवीं होतों, तेथें सप्ताह चालला होता. माझा एक जुना विद्यार्थी, वीस-एकवीस वर्षांचा, एकाएकीं उठला, व्यासपीठावरची पोथी उचलली आणि धांवत जाऊन विहिरींत टाकली. लोकांनीं त्याला बेदम मारलें. पोलिसांनीं नेलें म्हणून तो वांचला. दुसऱ्या दिवशीं जबानी घेणारे माझ्याकडे आले: “गुरुजी, पोरगा डोक्यानें बरा होता ना?” त्याची आई आदल्या रात्रीं माझ्या पायरीवर बसून गेली होती. “गुरुजी, काय वाटेल तें सांगा, पण वेडा म्हणूं नका. घरांत लग्नाची पोर आहे.” मीं तिला शब्द दिला होता. मी म्हणालों, “शाळेंत फार हुशार होता.” तें खोटें नव्हतें. परंतु सहा महिन्यांपासून तो रात्ररात्र जागा असतो, भिंतीशीं बोलतो, हें मला माहीत होतें. तें मीं सांगितलें नाहीं. हुशार मुलगा म्हणजे शहाणा गुन्हेगार, असा त्याचा अर्थ झाला.

तो पांच महिने कच्च्या कैदेंत राहिला. अखेर तुरुंगाच्या डॉक्टरांनीं त्याला ओळखलें आणि उपचार सुरू झाले. मी भेटायला गेलों तेव्हां तो पुष्कळसा सुधारला होता. मीं विचारलें, “बाबा, पोथी विहिरींत कां टाकलीस?” तो म्हणाला, “गुरुजी, ती पेटली होती. अक्षरें जळत होतीं. कोणी विझवीना, म्हणून मीं पाण्यांत टाकली.” ज्या कृत्याला साऱ्या गांवानें पोथीची विटंबना म्हटलें, तें त्याच्या मनानें पोथी वांचविण्याचें कृत्य होतें! सप्ताहाला बसलेल्या शेंकडों माणसांत त्या क्षणीं पोथीची सर्वांत जास्त काळजी त्यालाच होती. आज तो औषध घेतो, शेती पाहतो. बहिणीचें लग्न व्हायचें तें झालेंच. दिवाळीला तो माझ्या पायां पडायला येतो, तेव्हां मला मान वर करवत नाहीं.

म्हणून २०१७ सालचा मानसिक आरोग्याविषयींचा कायदा मीं मुद्दाम मिळवून वाचला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. भटकणारा मनोरुग्ण दिसल्यास पोलिसांनीं त्याला संरक्षणांत घ्यावें व चोवीस तासांच्या आंत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत पोंचवावें, असें त्यांत आहे. आणि आणखी एक वाक्य आहे, तें वाचून मला रोहिणखेडची मशीद आठवली. समाजांत रूढ असलेल्या नैतिक मूल्यांशीं किंवा धर्मसमजुतींशीं कोणी जुळत नाहीं, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवूं नये, असा त्या कलमाचा आशय आहे.

श्रोतेहो, या दोन नियमांकडे एकत्र पाहावें. पहिला म्हणतो, वेड्याला पाखंडी ठरवून शिक्षा करूं नका. दुसरा म्हणतो, पाखंडी दिसणाऱ्याला वेडा ठरवून गप्प बसवूं नका. पहिल्या नियमानें माझा विद्यार्थी वांचायला हवा होता. दुसऱ्या नियमानें शेख अलाई आणि चक्रधर यांचें म्हणणें ऐकून घेतलें गेलें असतें. मुर्तझासारख्या माणसाला या दोहोंबरोबर वैद्यहि मिळाला असता. हे नियम कागदावर आले आहेत. पण त्यांना पाय फुटतात ते जबानी देणाऱ्याच्या तोंडांतून.

रोहिणखेडला कधीं जाणें झालें तर ती मशीद अवश्य पाहा. घाटाखालच्या त्या दगडांनीं पाखंडी म्हणून हिणविलेल्यांची प्रार्थना ऐकली आहे, आणि त्यांच्या रक्ताचें रानहि पाहिलें आहे. तेथें उभें राहून आपल्या गांवांतला एखादा माणूस आठवावा, ज्याच्याविषयीं आपल्याला कांहीं माहीत आहे आणि तें आपण अजून कोणाला सांगितलेलें नाहीं. मीं सांगितलें नाहीं, त्याची किंमत दुसऱ्यानें मोजली. आपल्या हातून तसें होऊं नये, एवढीच विनंति.